वास गेला की

“ही गाडी हाय का रंगाचं दुकान,” अण्णा पुटपुटले.

मी त्यांच्या अगदी पाठीमागच्या सीटवर बसले होते, म्हणून ऐकू आलं. बाहेर कुणाला कळलं नाही. अंगणात हे पेढ्यांचा पुडा उघडून उभे होते, सासूबाईंच्या हातात ओवाळणीचं ताट होतं, आणि आमची केतकी बोनेटवरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाला बोटानं शेपूट काढत होती. शोरूमचा माणूस गाडी दारात लावून, पेढा खाऊन गेला होता. आता अण्णांनी ती गल्लीतून एक चक्कर फिरवून आणायची आणि आम्ही टाळ्या वाजवायच्या, असं ठरलेलं.

अण्णांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. त्यावर कपाळ टेकवलं. मग दार उघडून खाली उतरले.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“वास मारतोय. डोकं धरलं माझं. वास गेला की चालवीन.”

“अण्णा, नव्या गाडीला वास येतोच की.”

“मग जुनी झाली की चालवीन.” चावी त्यांनी सदऱ्याच्या खिशात टाकली. “घाई काय हाय? आता घरचीच हाय.”

आम्ही पेढे खाल्ले. टाळ्या तेवढ्या राहून गेल्या.

अण्णा म्हणजे माझे सासरे. बार्शीत एका डॉक्टरीणबाईंकडे ते ड्रायव्हर होते. मिसरूड फुटायच्या सुमाराला लागले ते केस पांढरे होईपर्यंत. बाईंच्या गाड्या बदलल्या, ड्रायव्हर बदलला नाही. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशात पिवळं फडकं. गाडीत बसायच्या आधी ते तिच्याभोवती एक फेरी मारायचे, वाकून चाकाखाली बघायचे. मी गल्लीतल्या मैत्रिणीच्या नादानं ड्रायव्हिंग क्लासला जायला लागले, तेव्हा घरात त्याची दखल घेतली ती फक्त त्यांनी. “क्लासवाला शिकवील ते शिक,” म्हणाले, “पण माझं एक ध्यानात ठेव, मालन. मागचं आरशात बघायचं, पुढचं डोळ्यानं बघायचं, मग चावी फिरवायची. पुढं काय हाय ते दुसऱ्याला विचारून गाडी सुरू करायची नाही.”

मला लायसन मिळालं. ते कपाटात साड्यांच्या घडीखाली जाऊन बसलं, कारण घरात वाहन म्हणजे ह्यांची स्कूटर, आणि चारचाकी चालवायचं नाव काढलं की ह्यांना घाम फुटायचा.

तरी गाडी घेतली, ती अण्णांसाठी. भूमला त्यांची बहीण असते, गयाक्का. फार पूर्वी बाईंना घेऊन तिकडून जाताना अण्णा एकदा तिच्या दारात थांबले होते. गाडीत बाई बसलेल्या, त्यामुळे उंबऱ्यावरच तांब्याभर पाणी पिऊन परत फिरले. गयाक्कानं भज्यांसाठी चुलीवर कढई चढवली होती, ती तशीच उतरवली. ते ती दर भाऊबिजेला ऐकवायची. “आपल्या गाडीनं ये रे एकदा, आणि जेवून जा.” आता तिच्या मुलानं नवं घर बांधलं होतं आणि पुढच्या महिन्यात वास्तुशांत होती. गाडी बुक केली त्याच दिवशी अण्णांनी तिला फोनवर सांगून टाकलं होतं, “माझ्या गाडीनं येतो. मीच चालवत येतो. कढई तापवून ठेव.”

म्हणजे वास्तुशांतीच्या आत गाडीचा वास जायला हवा होता. हे काम माझ्याकडे आलं. आमच्या घरात जे काम कुणाचंच नसतं ते माझं असतं.

सुरुवात आईंनी केली. माझ्या सासूबाईंना मी आई म्हणते. त्यांनी डॅशबोर्डवर उदबत्ती लावली, तेव्हा गाडीला देवळाला नुकताच ऑइलपेंट दिल्यासारखा वास यायला लागला. मी लिंबं चिरून ठेवली. त्यावर लोणच्याच्या बरणीत बसल्यासारखं वाटतंय, असं केतकी म्हणाली.

मी घरी ब्लाउज शिवते. शाळा लवकर सुटली, त्यामुळे माझं जे काही वाचन आहे ते कापडाला गुंडाळून आलेल्या कागदांवरचं. त्या सुमारास मोबाइल आला होता आणि त्यात न संपणारा कागद मिळाला होता. मशिनवर बसून मी वाचायचे. एकदा वाचलं की बंद जागेतला वास कोळसा ओढून घेतो. झालं. मी चौकातल्या इस्त्रीवाल्याकडून घमेलंभर कोळसा आणला आणि मागच्या सीटवर ठेवला. घमेलं कशावर ठेवावं, एवढा विचार मात्र केला नाही. बिस्किटी रंगाच्या कोऱ्या सीटवर काळं कडं उमटलं. ते पुसायला गेले तर हाताचे पंजे उमटले.

अण्णा दारातून आत वाकले, नाक पुढं केलं. “आता रंगाच्या दुकानाला आग लागल्यासारखं वाटतंय,” म्हणाले.

तेवढ्यात ह्यांचे मित्र इलाही आमचा पाण्याचा फिल्टर दुरुस्त करायला आले. माझे हात बघून त्यांनी चौकशी केली आणि हसू आवरत सांगितलं, “भाभी, हा नव्हे. हा नुसता जळतो. फिल्टरमध्ये घालतात तो वेगळा. ॲक्टिव्हेटेड म्हणतात त्याला. करवंटीचा कोळसा असतो, पण भट्टीत वाफ देऊन त्याला आतून बारीक बारीक भोकं पाडलेली असतात. वास त्यात शिरतो आणि तिथंच बसतो.”

“म्हणजे पाहुण्यासारखा,” आई आतून म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी इलाहींनी तसले काळे, कुरकुरीत खडे पिशवीभर आणून दिले. मी ब्लाउजच्या उरलेल्या अस्तराच्या छोट्या छोट्या पिशव्या शिवल्या. भुकटी गळू नये म्हणून दुहेरी शिलाई घातली, तोंडं नाडीनं आवळली. एकेक सीटखाली, दोन डिकीत, एक आरशाला टांगलेली. गाडी सावलीत लावून काचा थोड्या खाली ठेवायच्या, आणि अधूनमधून पिशव्यांना गच्चीवर ऊन द्यायचं, हा नेम मी धरला.

आई ओट्यावर बसून शेजारणीला सांगत होत्या, “लोकं नजर लागू नये म्हणून गाडीला कोळशाचा एक खडा बांधतात. आमच्या सुनेनं पोतं बांधलंय.”

रोज सकाळी चहा झाला की अण्णा गाडीत जाऊन बसत. दार लावून घेत. आम्ही आपापली कामं करत असल्याचं दाखवत खिडकीतून बघायचो. थोड्या वेळानं ते उतरत.

“हाय अजून,” म्हणत.

मला तो वास हळूहळू कमी होताना कळत होता. प्लास्टिकचा, गोंदाचा, रेक्झिनचा असा तो डोक्यात चढणारा वास पातळ होत गेला आणि मग उरला फक्त कानाकोपऱ्यात. पण वास ही ज्याच्या त्याच्या नाकाची गोष्ट. बाईंच्या गाडीत पेट्रोलचा थेंब गळला तरी अण्णांना कळायचं. मी पिशव्या वाढवल्या.

वास्तुशांत जवळ आली आणि मी एकदा पिशव्यांना ऊन द्यायला गेले, तर सीटखाली एकही नव्हती. डिकीत नाही, आरशाला नाही. केतकीला विचारलं, तिनं शपथ घेतली. संध्याकाळी भाकरीला ज्वारी काढायला मी कोठीत हात घातला आणि मऊ काहीतरी लागलं. सगळ्या पिशव्या ज्वारीवर ओळीनं निजवलेल्या.

“आई, ह्या इथं कशा?”

आई लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “किडा लागत नाही म्हणे.”

“कोण म्हणे?”

“असंच. तूच नाही का सांगितलंस, कोळसा चांगला असतो.”

“अहो, गाडीचा वास जायचाय अजून. अण्णांना गयाक्कांकडे गाडी न्यायची आहे.”

आईंनी एक पाकळी सोलली, दुसरी सोलली. “थोडा वास असू दे की, मालन,” त्या म्हणाल्या. “नवी गाडी आहे. नव्याचा वास असू दे थोडा.”

मला वाटलं, नव्या वस्तूचं कौतुक. मी पिशव्या झटकून परत गाडीत ठेवल्या.

वास्तुशांतीच्या आदल्या दिवशी दुपारी आणखी एक नवल झालं. हे ऑफिसातून लवकर आले ते डॅशबोर्डच्या पॉलिशची बाटली घेऊनच. गाडीच्या सगळ्या काचा वर करून आत बसले आणि दिसेल त्या प्लास्टिकला पॉलिश चोळत सुटले. मी दार उघडलं तर पहिल्या दिवसापेक्षा उग्र भपकारा आला.

“तुम्हाला काही कळतं का?” मी म्हटलं. “उद्या जायचंय आणि आज हे?”

“चकचकीत नको का दिसायला?”

“दिसण्याचं सोडा. वास बघा केवढा सुटलाय.”

“सुटलाय ना?” त्यांनी विचारलं. हातातलं फडकं तसंच धरून माझ्याकडे बघत राहिले. “येतोय ना चांगला?”

मी त्यांच्याशी बोलणं सोडून दिलं. गाडीची चारी दारं उघडी टाकली, पिशव्या तापवून आणल्या, उरलेल्या खड्यांच्या आणखी शिवल्या. माझ्या सासऱ्यांनी आयुष्यभर दुसऱ्याची गाडी चालवली होती, आणि एक दिवस स्वतःची चालवायला मिळणार तर घरातलेच उलटे वागत होते. मला राग आला होता.

सकाळी गाडीचं दार उघडलं. काही नाही. पॉलिशचा वाससुद्धा त्या खड्यांनी पिऊन टाकला होता. नुसती बंद खोलीसारखी थंड हवा. मला इतका आनंद झाला की मी इलाहींना मनातल्या मनात नमस्कार केला.

अण्णा लवकर उठून तयार झाले होते. पांढरा सदरा, पांढरी विजार, दोन्हींना कडक इस्त्री. पिवळ्या फडक्यानं त्यांनी गाडी पुसायला घेतली होती. मी हार घेऊन गेले तेव्हा ते दोन पावलं मागे सरून उभे होते.

“बघ,” म्हणाले. “आरसा झालाय का नाही?”

बोनेटच्या बरोबर मध्ये कावळ्यानं घाण केली होती. निळ्या बोनेटवर पांढरा, ओला, वीतभर ओघळ. फडक्याचा हात त्याच्या दोन्ही बाजूंनी फिरून गेलेला दिसत होता.

“झालाय, अण्णा,” मी म्हटलं, आणि पदरानं ते पुसून घेतलं.

वर बघितलं तर आई दारात उभ्या होत्या. माझ्या पदराकडे बघत होत्या. आमची नजरानजर झाली आणि त्या आत निघून गेल्या.

मग मला एकेक आठवायला लागलं. चहाची कपबशी अण्णांच्या हातातच द्यायची, समोर ठेवायची नाही, ही आईंची नवी रीत. पेपर त्या मोठ्यानं वाचायच्या, आणि मला वाटायचं, म्हातारपणी हौस आली. गल्लीतल्या माणसानं हाक मारल्याशिवाय अण्णा ओळख द्यायचे नाहीत, आणि मला वाटायचं, स्वभाव जरा तुसडा झाला. आईंच्या ज्वारीतल्या पिशव्या. ह्यांची पॉलिशची बाटली. घरात माझ्याशिवाय सगळ्या मोठ्यांना ठाऊक होतं, आणि जो तो समजत होता की आपल्या एकट्यालाच ठाऊक आहे. ज्याची भाकरीच डोळ्यांवर होती त्याला तुझे डोळे गेले, हे कुणी म्हणायचं? त्यापेक्षा वास बरा होता. सगळ्यांची अडचण त्या वासानं झाकून धरली होती, आणि मी महिनाभर राबून तो घालवला होता.

आज हे हसत सांगता येतं. परवाच त्याच गाडीतून जाताना, माझ्या शेजारी बसलेल्या अण्णांनी मला ढाब्याच्या पाटीवरची अक्षराची चूक दाखवली. मोतीबिंदू होता, दोन्ही डोळ्यांत, नको इतका पिकलेला. ऑपरेशन म्हटलं की त्यांना धडकी भरायची, म्हणून तोवर डॉक्टरची पायरी चढले नव्हते. पण त्या सकाळी मला यातलं काही माहीत नव्हतं. मला एवढंच माहीत होतं की आता आम्ही सगळे त्या गाडीत बसणार आहोत.

मी ह्यांना नळापाशी गाठलं. “तुम्ही बोला.”

त्यांनी कशाबद्दल असं विचारलंच नाही. “मी कसा बोलू?” म्हणाले. “तू बोल. तुझं ऐकतात ते.”

“वडील तुमचे आहेत.”

“म्हणून तर.”

“दिगू, चल रे,” अण्णांची हाक आली. “मुहूर्त गाठायचाय.”

हे पुढं अण्णांच्या शेजारी बसले. मी आणि आई मागे. केतकीचं काम ठरलेलं होतं. पहिल्यांदा निघताना पुढच्या चाकांखाली लिंबं ठेवायची, ते तिनं मागून घेतलं होतं. आजोबांनी मान हलवली की ठेवायची, असं अण्णांनीच तिला शिकवलं होतं.

अण्णांनी गाडीभोवती फेरी मारली. तळहात पत्र्यावरून सरकत सरकत गेला. मग आत बसले, दार लावलं, स्टिअरिंगला कपाळ टेकवलं. आणि एक लांब श्वास घेतला.

गाडीत कुणी हललं नाही.

अण्णांनी पुन्हा श्वास घेतला. डावीकडे, उजवीकडे. नाक मुरडलं नाही.

“गेला,” ते म्हणाले.

त्यांचा आवाज आनंदाचा नव्हता. ह्यांनी रुमाल काढून मान पुसली. आईंनी माझं मनगट धरलं होतं, त्यांच्या बांगड्या माझ्या हातात रुतत होत्या. खाली वाकून एखादी पिशवी फाडावी आणि म्हणावं, बघा, कोळसा सांडला, आता जाता येत नाही, असंही माझ्या मनात आलं.

चावी लागली. फिरली नव्हती अजून.

केतकी बोनेटसमोर उभी होती. मी शिवलेलं झेंडूच्या रंगाचं परकर-पोलकं, दोन्ही हातांत दोन लिंबं, डोळे आजोबांकडे लावलेले. ऊन तिच्या अंगावर सरळ पडलं होतं. गल्लीच्या टोकावरूनसुद्धा दिसली असती.

अण्णा समोर बघत होते. सरळ तिच्याकडे.

“केतकी कुठं राहिली?” त्यांनी विचारलं. “तिला म्हणावं, ये लवकर. लिंबू ठेवायचंय.”

आईंची पकड घट्ट झाली.

“आजोबा,” केतकी बाहेरून म्हणाली, “मी इथंच उभी आहे की. कधीची.”

अण्णांचा हात चावीवर होता. तो तसाच राहिला. मग त्यांनी हळूच चावी बाहेर ओढली आणि मुठीत घेतली. थोडा वेळ मूठ मांडीवर ठेवून बसले. मग दार उघडून उतरले, टपाला हात लावत मागच्या दारापाशी आले. माझ्या खिडकीची काच खाली होती. ते वाकले.

“मालन, तू पुढं ये,” म्हणाले. “तुझ्याकडं लायसन हाय. गिअर चुकला तर मला ऐकू येतं.”

“अण्णा,” हे घाईघाईनं वळून म्हणाले, “वास येतोय का अजून? येत असला तर राहू दे गाडी. एसटीनं जाऊ. गयाक्काला सांगू मी.”

“येतोय तर,” आईंनी लगेच पदर नाकाला लावला. “मला मघापासून मळमळतंय.”

मीही म्हणणार होते, पॉलिशचा असेल. ओठांपर्यंत आलं होतं.

अण्णा हसले. महिनाभरात त्यांच्या चेहऱ्यावर तसं हसू मी बघितलं नव्हतं. त्यांचा हात खिडकीच्या कडेवरून चाचपडत आत आला, माझा तळवा सापडला, त्यात त्यांनी चावी ठेवली आणि माझी बोटं तिच्यावर मिटवली.

“वास कसला आलाय,” ते म्हणाले. “तो कवाच गेला. मला दिसत नाही.”